चाकरमान्यांनी लिहिलेलं कोकण

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलं की हात मनगटापर्यंत लाल आणि चिकट होतात. त्या हातांनी फोनला शिवायचं नाही, हा नियम माझ्या मुलाने केलाय, कारण फोन त्याचा. त्यामुळे कानात एकदा पुस्तक लावलं की समोरची फळांची पाटी संपेपर्यंत ते थांबत नाही. मागे नेता येत नाही, पुढे ढकलता येत नाही. मे महिन्याची दुपार, पडवीत रातांब्यांचा ढीग, शेजारी मीठ घातलेल्या रसाचं पातेलं आणि कानात कुरुक्षेत्र. फणस फोडायचा असेल तर आणखीच पंचाईत. खोबरेल कितीही चोपडलं तरी चीक बोटांना राहतोच.

छापलेली कादंबरी मी कधीच सगळी वाचत नाही. हे सांगायला मला लाज वाटत नाही, बहुतेक जण असंच वाचतात. मराठी लेखकाला सूर्योदय दिसला की तो दीड पान घेतो आणि मी ते दीड पान उलटते. कोकणावरची कादंबरी असली तर विचारायलाच नको. माड, लाटा, तिन्हीसांजा, लाल वाटा. अहो, माडाचं कौतुक मला कशाला? माडावर चढणारा गडी मिळवताना नाकी नऊ येतात, ते कुणी लिहीत नाही. ऐकताना मात्र ही पानं उलटण्याची सोय गेली. सगळे माड ऐकावे लागतात. आणि खरं सांगायचं तर त्यातले काही माड चांगले निघाले.

कानाने वाचायला लागल्यापासून एक गोष्ट लक्षात आली. कादंबरीत कुणीतरी ‘मी’ म्हणून बोलत असेल तर ती कानाला लगेच धरते. ‘मृत्युंजय’ घ्या. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ सालची. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, वृषाली बोलतात, कृष्णसुद्धा बोलतो. जो तो आपली बाजू मांडून जातो. हे लिहिलंय कागदावर, पण घडण सगळी बोलण्याची आहे. कॉलेजात असताना मी ती वाचून कर्णासाठी रडले होते. आता रातांबे फोडताना ऐकली तेव्हा वाटलं, हा माणूस स्वतःविषयी फार बोलतो. दान देतो तेही सांगतो, अपमान झाला तेही सांगतो, सूर्याकडे बघून पुन्हा तेच सांगतो. वृषालीच्या वाट्याला त्या मानाने किती कमी आलंय! ती बोलायला लागली की मी हातातला रातांबा ठेवून ऐकत होते. पन्नाशीनंतर बायकांचं हेच होतं की काय कोण जाणे.

शेरलॉक होम्सच्या मराठी कथाही ऐकल्या. एका पाटीला एक कथा बरोबर पुरते. त्याच्यावर जास्त काही म्हणायचं नाही. खुनी कळला की विषय संपतो आणि पाटीही संपते.

उलट जिथे माणसं खूप आणि नाती गुंतलेली, ती कादंबरी कागदावरच हवी. श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ मी म्हणूनच वाचायला घेतलं. १९८७ चं पुस्तक, दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीच्या काठचं खोतांचं, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचं घराणं, चार पिढ्या. कोण कुणाचा चुलता आणि कुणाचं कुणाशी वैर हे लक्षात ठेवायला मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे वंशावळ काढली. ती स्वयंपाकघरात टांगलेली बघून गॅसची टाकी द्यायला आलेल्या पोराने विचारलं, वहिनी, जमिनीची केस लागलीय का? आमच्याकडे वंशावळ काढायची ती तेवढ्यासाठीच.

तुंबाड म्हटलं की हल्ली लोकांना सिनेमा आठवतो. २०१८ चा तो भुताचा आणि खजिन्याचा हिंदी सिनेमा. त्याने नाव तेवढं पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलं, गोष्ट वेगळीच आहे. उन्हाळ्यात मुरूड-कर्द्याला येणारे पर्यटक आमच्याकडून आमसुलं आणि आंबापोळी घेऊन जातात. त्यातला एखादा हमखास विचारतो, ते तुंबाड इथून किती लांब? खेड तालुक्यात आहे म्हटलं की पुढचा प्रश्न, वाडा बघता येतो का? कादंबरीबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

आता आवाजांबद्दल. हे माझं खरं दुखणं आहे.

कोकणातली गोष्ट कानात वाजायला लागते. निवेदन स्वच्छ, प्रमाण, पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतलं. त्याला माझी हरकत नाही. मग एखादा कुळवाडी तोंड उघडतो आणि तो एकदम कोल्हापूरच्या पाटलासारखा बोलायला लागतो. ‘आरं तिच्या’ म्हणतो, ‘लई’ म्हणतो, प्रत्येक वाक्याला रांगडा हेल काढतो. गडी कोकणातला, बाई कोकणातली, पण ‘खेडवळ’ म्हटलं की आवाज देणाऱ्यांकडे एकच डबा आहे आणि तो सिनेमातल्या पाटलांनी भरलेला. आमच्या दापोली-मंडणगडच्या कुणब्याची बोली निराळी, संगमेश्वराकडची निराळी, हर्णैच्या कोळ्यांची निराळी, त्याच बंदरावरच्या दालदी मुसलमानांची आणखी निराळी, आणि सिंधुदुर्गातली मालवणी तर आम्हालाच धड कळत नाही. चार-दोन कोसांत जिथे बोलणं बदलतं तिथे सगळ्यांना एकच हेल! कागदावर ही अडचण येत नाही. लेखकाने अर्धवट लिहिलेली बोलीसुद्धा डोळ्यांनी वाचताना मी माझ्या सासरच्या आवाजात वाचते. ऐकताना मात्र माझ्या सासरला तिथे शिरायला वाव नसतो.

याच्या उलट टोकाला अंतू बर्वा. पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला हा रत्नागिरीचा म्हातारा निम्म्या महाराष्ट्राने वाचण्याआधी ऐकला. आमच्या वाडीत तो कॅसेटवर आला, गणपतीला मुंबईहून आलेल्या भावाच्या टेपरेकॉर्डरमधून. पु. लं.नी तो असा काही बोलून ठेवलाय की आता पुस्तक उघडलं तरी अक्षरांतून त्यांचाच आवाज येतो. आवाजाने पुस्तक मोठं कसं होतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण त्यात आमचं एक नुकसान झालं. अख्खं कोकण तिरकस बोलतं असं लोक धरून चालतात. एक पुणेकर बाई आमसुलं घेताना म्हणाल्या, तुम्ही कोकणातल्या वाटत नाही, सरळच बोलता. त्यांना मी काही तिरकस ऐकवायला हवं होतं बहुतेक. सुचलं नाही.

गोनीदांच्या, म्हणजे गो. नी. दांडेकरांच्या घराने वेगळी वाट धरली. त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव आणि घरातली मंडळी मिळून गोनीदांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन करत. वर्षानुवर्षं, गावोगावी. नेपथ्य नाही, वेष नाही, हातात संहिता घेऊन बसायचं आणि वाचायचं. ऑडिओबुक हा शब्द आपल्याकडे कुणाला माहीत नव्हता तेव्हापासूनचं हे काम. त्यात मला आवडतो तो आवरलेपणा. पात्राचा आवाज काढायचा, पण नक्कल करायची नाही. हल्लीच्या कितीतरी निवेदकांना हे शिकवायला हवं. म्हातारीचं वाक्य आलं की घसा खरवडतात, पोराचं आलं की किणकिणतात. ऐकणाऱ्याला थोडं तरी काम ठेवा की. आणि तसं बघितलं तर ऐकून वाचायची सवय आपल्याला जुनीच आहे. चातुर्मासात कुणीतरी ‘हरिविजय’ नाहीतर ‘पांडवप्रताप’ वाचायचं आणि बाकीच्यांनी वाती वळत ऐकायचं. श्रीधरस्वामींच्या ओव्या ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं त्या बायकांना पाठ होत्या. फोनने काही नवीन केलेलं नाही. एवढंच की तेव्हा ओवी कळली नाही तर वाचणाऱ्याला थांबवून अर्थ विचारता यायचा.

माझ्या घरातलं पहिलं ऑडिओबुक मीच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते किनाऱ्यावर चढलं, पण आमच्या दापोली तालुक्यालाही त्याने सोडलं नाही. कौलं गेली, पोफळी झोपल्या, आंबे मुळांसकट उपटले आणि वीज गेली ती गेलीच. फोन मेले. आवराआवरीतून संध्याकाळी जीव सुटायचा तेव्हा करायचं काय? सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना तसंही वाचता येत नव्हतं, आणि आधी तरी कुठे फार आलं होतं. मी कंदिलाशी बसून त्यांना ‘पडघवली’ वाचून दाखवली.

‘पडघवली’ गोनीदांनी १९५५ ला लिहिली. कोकणातलं एक गाव कसं विस्कटत गेलं ते त्या गावातली एक बाई सांगते. पुन्हा ‘मी’ बोलणारी गोष्ट, म्हणून मोठ्याने वाचायला सोपी. आणि ती बाई काय बोलते! घरातल्या चालीरीती, सण, औषधं, झाडंपेडं, सगळं तिच्या तोंडी. पुरुषाने लिहिलंय हे मधेमधे विसरायला होतं. सासूबाई मन लावून ऐकत होत्या. बाळंतपणाचं, पेजेचं, लोणच्याचं आलं की मान डोलवायच्या, म्हणजे पास. पण जसजसं गाव ओस पडत चालल्याचं दुःख वाढत गेलं तशा त्या अस्वस्थ झाल्या. शेवटी म्हणाल्या, “गाव ओस पडला म्हंतात, मंग आमी कुठं व्हतो?”

मी पुस्तक मिटून त्यांच्याकडे बघत राहिले. आमची कुणब्यांची वाडी. पुरुष मुंबईला गिरणीत, बायका शेतात. गाव ओस पडलाय हे आमच्या वाडीला कुणी कळवलंच नव्हतं. लावणी झाली, झोडणी झाली, शिमग्याला पालखी नाचली. ओस पडली ती वरच्या आळीतली मोठी घरं.

तेव्हापासून कोकणावरची कादंबरी हातात आली की मी आधी बघते, लेखक राहायचा कुठे? पेंडसे आमच्याच तालुक्यातल्या मुर्डीचे, पण लहानपणीच मुंबईला गेले आणि तिथे बेस्टमध्ये नोकरी केली. जयवंत दळवी आरवलीचे, नोकरी मुंबईत. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याकडचे, कुडाळात खानावळ चालवली, तेही पुढे मुंबईला गेले. गोनीदा तर तळेगावला राहिले, पायाने सगळीकडे फिरले. मोठी माणसं आहेत, मी त्यांच्या नखाचीही सर करणार नाही. पण कोकणची कादंबरी चाकरमान्यांनी लिहिलेली आहे, असं माझं मत होत चाललंय. चाकरमानी गावाला येतो तो गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात. त्याला विहीर आठवते, नळपाणी योजनेची थकलेली पट्टी त्याला भरायची नसते. जे त्याने लहानपणी सोडलं ते त्याच्या डोक्यात तसंच राहतं, आणि प्रत्येक खेपेला त्यातलं काहीतरी मोडलेलं दिसतं. मग त्याच्या पुस्तकात सगळंच मोडत असतं. घर पडत असतं, माणूस वेडा होत असतो, देव कोपत असतो. वाचायला फार छान वाटतं. राहणाऱ्याला मात्र कौलं शाकारायची असतात.

यातही फरक आहेत. दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ मला कधीही, कुठल्याही पानावर उघडून वाचता येतं. आरवली गाव, एकाहून एक वल्ली, आणि हसताहसता कोण कधी मेलं ते कळत नाही. तिथे गावावर माया आहे पण गळा काढलेला नाही. खानोलकरांचा ‘कोंडुरा’ (१९६६) मी रात्री वाचायला घेतला आणि दिवसा संपवला. कोंडुरास्वामीकडून मिळालेल्या शक्तीचं ओझं माणसाला कसं चेपतं, ते त्यांनी असं लिहिलंय की देवावरचा विश्वास आणि देवाची भीती यांतली रेघ दिसेनाशी होते. हे पुस्तक कुणी कानात वाचलेलं मला नको. त्यातली शांतता आवाजात मावायची नाही. पेंडशांमधलं म्हणाल तर लोक ‘गारंबीचा बापू’चं नाव घेतात. बापू आणि राधा आवडायलाच हवेत, १९५२ मध्ये असं जोडपं उभं करायला छाती लागते, आणि रंगमंचावर काशिनाथ घाणेकरांनी बापू केला म्हणून तो आणखी घराघरांत गेला. पण मला त्यांचं ‘रथचक्र’ त्याहून मोठं वाटतं. नवरा सोडून गेलेली बाई, मोठ्या कुटुंबात पिचणारी, मुलांनी शिकावं एवढ्या एका हट्टावर जगणारी. पेंडशांनी तिला नावसुद्धा दिलेलं नाही. १९६३ ला त्याला साहित्य अकादमी मिळालं. आमच्या वाडीत अशा बायका होत्या. जात वेगळी, घर वेगळं, हट्ट तोच.

एक परभाषेतलं पुस्तकही इथे सांगायला हवं, कारण त्याचा निकाल मी दिलेला नाही. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट पु. लं.नी १९६५ मध्ये ‘एका कोळियाने’ नावाने मराठीत आणली. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा एकटा खोल समुद्रात जातो, अठरा फुटांचा मासा गळाला लागतो, तो त्याच्या होडीहून दोन फूट लांब. दिवसरात्र झुंजून म्हातारा त्याला मारतो, होडीला बाहेरून बांधतो, आणि घरी येईपर्यंत शार्क त्याचा सांगाडा करून टाकतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. त्या दिवसांत मी हे पुस्तक हर्णैच्या एका ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला दिलं. पातळ आहे, वाचेल म्हटलं. त्याने वाचलं. परत देताना म्हणाला, ताई, हा म्हातारा शहाणा नाय. एकटा गेलाच कशाला? आणि एवढा मासा बाहेर बांधून आणायचा तर त्याची राखण कोण करणार, हे आधी बघायला नको? मी म्हटलं, अहो, माणसाच्या जिद्दीची गोष्ट आहे ती. तो म्हणाला, जिद्द हायच, पण मालाचा पत्ता नाय. चौऱ्याऐंशी दिवसांचं त्याला काहीच वाटलं नाही. एलईडी दिवे लावून मासा ओढणाऱ्या बोटी आल्यापासून आमचा आख्खा हंगाम तसा जातो, म्हणाला. एक गोष्ट मात्र त्याला फार पटली, ती म्हणजे म्हातारा माशाशी बोलतो. आमी पण बोलतो, म्हणाला, फक्त कुणाला सांगत नाय. या पुस्तकावर मी बरेच विद्वान लोकांचे लेख वाचलेत. मालाच्या राखणीचा मुद्दा कुणी काढलेला नाही.

राहून लिहिणारेही आहेत, नाहीत असं नाही. प्रवीण बांदेकर सावंतवाडीत राहतात, तिथेच शिकवतात. त्यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला २०२२ चं साहित्य अकादमी मिळालं, पण मी आधी वाचली ती ‘चाळेगत’. जड गेली. मालवणी आमच्या कानाला परकीच, त्यामुळे पानंच्या पानं मी ओठ हलवत वाचली, आणि मोठ्याने म्हटलं की अर्थ उलगडायचा. पण तिथे कोकण मागे पडलेलं नाही, ते आत्ता घडतंय. जमिनी विकल्या जातायत, बाहेरचा पैसा येतोय, पोरं कुणाच्या ना कुणाच्या झेंड्यामागे धावतायत, आणि या सगळ्यात दशावतार आणि देवा-भुतांची देवस्कीसुद्धा आहेतच, शोभेला नव्हे, व्यवहाराला. कधीकधी लेखक फार बोलतो, पात्रांच्या तोंडी चर्चा घालतो. ते मी माडाच्या वर्णनाप्रमाणे उलटलं. तरीही शेवटचं पान वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं की हा माणूस चतुर्थी आटोपून परत गेलेला नाही.

ही कादंबरी मालवणी माणसाच्या आवाजात ऐकायला मिळाली तर मी पैसे मोजीन. दशावतारात काम करणारा एखादा. रात्रभर संहिता नसताना बोलत राहणारी ही माणसं, त्यांना कुणीतरी माइकसमोर बसवा.

पैशावरून आठवलं. फोनवरची पुस्तकं आपली नसतात हे मला उशिरा लक्षात आलं. वर्गणी भरली तोवर कपाट भरलेलं, वर्गणी संपली की रिकामं. वाचनालयाचं तसं नाही म्हणावं तर २२ जुलै २०२१ चं चिपळूण आठवतं. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. त्या दिवशीच्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं आणि पुस्तकांचा लगदा झाला. २००५ लाही तेच झालं होतं. दोन्ही खेपेला माणसांनी पुन्हा पुस्तकं जमवली आणि दार उघडलं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ चं. आमच्या मुलखात खोताच्या दारात वेठ होती तेव्हापासून पुस्तकांची देवघेवही होती म्हणायची. फक्त एका बाजूची माणसं दुसऱ्या बाजूला गेलेली नव्हती.

मला वाचायची आहे ती कादंबरी अजून मिळालेली नाही. तिच्यात आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेला नेपाळी असेल. आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी बागा त्यांच्याच जिवावर उभ्या आहेत. हंगामात त्यांची बायकापोरं बागेतल्या खोपटात असतात, पोरं आमच्या शाळेत मराठी कविता म्हणतात. तिच्यात सातबारा असेल, ज्याच्यावर इतकी नावं चढलीत की एक आंबा तोडायला पालघरपासून पनवेलपर्यंतच्या सह्या लागतात. पेट्या भरताना साका निघालेल्या, म्हणजे आतून खराब निघालेल्या आंब्यावरून दलालाशी झालेलं भांडण असेल. बचत गटाची बैठक असेल, तिथे जे राजकारण चालतं त्याच्यापुढे दुर्योधन पोर आहे. माड असतील तर चढणाऱ्यासकट असावेत.

‘तुंबाडचे खोत’चा पहिला खंड मी सासूबाईंनाही थोडाथोडा वाचून दाखवला. त्यांचा सासरा खोताचं अर्धेल करायचा. पिकलं त्यातलं अर्धं उचलून खोताच्या खळ्यात नेऊन घालायचं, वर वेठ. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी खोती मोडायचं बिल आणलं, ती प्रत्यक्ष मोडली ती १९४९ च्या कायद्याने, आणि कसणाऱ्याच्या नावावर जमीन व्हायला कूळकायद्याचं १९५७ साल उजाडलं. सासूबाई त्याच सुमाराला लग्न होऊन या घरात आल्या. त्यामुळे मला वाटलं होतं, त्या खोतांच्या या पुराणाला कंटाळतील. सुरुवातीला एकदा विचारलं त्यांनी, “येवढी माणसं घरात, मंग लावणी कोण करीत व्हतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, पेंडशांकडेही त्या पानावर नव्हतं. मी म्हटलं, ठेवू का बाजूला?

नको म्हणाल्या. वाच.

आता पहिला खंड संपलाय आणि दुसरा वाचनालयात परत आलेला नाही. कुणीतरी मे महिन्यात नेला तो गणपतीला आणून देणार, असा रंग दिसतोय. सासूबाई रोज विचारतात, आलं का पुस्तक? एवढी काय घाई, म्हटलं, पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच की, जमीन आपल्या नावावर आहे. त्या म्हणाल्या, “ती झाली त्या दिशी आमच्या घरात काय झालं, तां माला ठाव हाय. शेजारणीला लापशी दिली. खोताच्या घरात त्या दिशी काय बोलणं झालं, तां आयकायचा हाय माला.”

तेव्हा ज्यांच्याकडे दुसरा खंड आहे त्यांनी कृपा करून आणून द्यावा. सगळा वाचून झालेला नसला तरी चालेल.